पोटाच्या आतला वण



आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण माजिवडा-बाळकुमच्या कामगारसभांत आणि वाचनालयात झाले. तरीही आज हर्नियावर बोलण्याचे धाडस करतो, कारण ओझी उचलणाऱ्यांत हे दुखणे आम्ही फार पाहिले.

आमच्या युनियनमधील एका हमालाची बेंबीजवळच्या हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. वरची जखम छान भरली. आत वण राहू नये म्हणून घरच्यांनी महिनाभर कोमट तेल चोळले. वर्षाने एका रात्री पोट फुगले, उलट्या लागल्या, वारा सरेना. ओवा, हिंग, शेक यांत दोन दिवस गेले. अखेर पोट उघडले तेव्हा आतडे जाळीला चिकटून पिळवटलेले निघाले. माणूस वाचला, हातभर आतडे गेले.

तेलाचा काय उपयोग झाला? काहीच नाही. पोटाच्या आत एक गुळगुळीत पातळ अस्तर असते. ते खरचटले की तिथे रक्तातील चिकट तंतू जमतात. बहुधा ते काही दिवसांत विरघळतात. न विरघळले तर त्यांचा कायमचा पूल बनतो. बाहेरून चोळून तो तुटत नाही.

मग वण अजिबात नको म्हणावे, तर तेही चालत नाही. हर्नियाची जाळी टिकते तीच मुळी वणामुळे. तिच्या छिद्रांत नवे मांस भरते. वण भिंतीच्या बाजूला हवा, आतड्याच्या बाजूला नको. म्हणून जाळी शक्यतो भिंतीच्या थरांत बसवतात. आतड्यासमोर ठेवावीच लागली तर त्या बाजूस लेप असलेली जाळी घेतात. लेपाने धोका घटतो, संपत नाही. हलका हात, कमी रक्तस्राव, पावडर नसलेले हातमोजे, हेच खरे उपाय. ‘जाळी कोठे बसवणार?’ हे शस्त्रक्रियेआधी विचारायला लाजू नका. नंतर लवकर चालू लागावे. त्याने शिरांत रक्त गोठण्याचे भय कमी होते. चिकटणे टळेलच, अशी हमी मात्र नाही.

पण सर्वांत मोठा उपाय शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर आहे. रजा मिळत नाही म्हणून कामगार गाठ दाबून, पट्टा बांधून कामावर जातो. एक दिवस आतडे अडकते, सडू लागते, आणि मध्यरात्री घाईने पोट उघडावे लागते. अशा पोटात चिकटण्याचा धोका कितीतरी वाढतो. वेळीच, ठरवून केलेली शस्त्रक्रिया तो टाळू शकते.

जाळी महाग, ही सबब पुरी खरी नाही. धुळे जिल्ह्यातील दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी मच्छरदाणीच्या कापडाची जाळी जांघेच्या हर्नियाला वापरून दाखवली. पुढे तशाच स्वस्त जाळीची युगांडात चाचणी झाली आणि २०१६ साली निष्कर्ष आला: वर्षभरानंतर ती महाग जाळीच्या तोडीची ठरली. उरते ती रजेची अडचण. ठेकेदाराने तुमचे नाव कामगार विमा योजनेत नोंदवले आहे का, हे गाठ दिसण्याआधी पाहून ठेवा. पुन्हा ओझे केव्हा उचलायचे, हे डॉक्टरांनी ठरवावे, मुकादमाने नव्हे.

आणि शस्त्रक्रियेला कितीही वर्षे झाली असोत, पोटात कळा, उलट्या, फुगवटा आणि वारा बंद, असे झाले तर ओव्याची पुरचुंडी सोडू नका. थेट इस्पितळ गाठा, आणि जुन्या शस्त्रक्रियेचा कागद बरोबर न्या.