घरातले एक गणित
(महोत्सवी समारंभात केलेले भाषण)



संस्थेच्या महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हा शिक्षणाच्या महत्त्वावर बोलावे असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयावर बोलण्यास माझ्याहून अधिकारी मंडळी येथे बसली आहेत. मी वर्गात गणित शिकविणारा साधा शिक्षक. तेव्हा माझ्या घरातलेच एक गणित आपणांपुढे मांडतो. ते सोडविताना मी प्रथम चुकलो, म्हणूनच ते मांडण्याजोगे आहे.

२०२० साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि धडे पडद्यावर आले. माझा मुलगा तेव्हा सहावीत होता. त्याच्यासाठी मी संगणक घेतला. त्याने हट्ट धरून खेळांना चालेल असा, म्हणजे ज्याला गेमिंग संगणक म्हणतात तो, पसंत केला. २०२५ साली दहावी होऊन तो डिचोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनात जाऊ लागला. पेडण्याहून म्हापशामार्गे रोजचा बसचा प्रवास. काही दिवसांनी तो म्हणाला, "अब्बा, हा संगणक विकून लॅपटॉप घेऊया."

मला आनंद झाला. लॅपटॉप येईल आणि खेळ जातील, असा माझा हिशेब! विकायला गेलो तर हाती फारसे काही येणार नव्हते. म्हणून उरलेल्या रकमेसाठी संस्थेकडे साहाय्य मागावे असे ठरवून मी अर्ज लिहावयास घेतला. नाव लिहिले, उत्पन्न लिहिले, आणि 'साहाय्य कशासाठी हवे' हे लिहिण्याची वेळ आली तेव्हा लेखणी थांबली. काय लिहू? घरात चालते यंत्र आहे, पण मला ते आवडत नाही, असे?

त्या रात्री आम्ही बापलेक कागद घेऊन बसलो. डाव्या बाजूस काम आणि उजव्या बाजूस त्या कामात येणारी अडचण लिहीत गेलो.

पहिली अडचण अशी की, विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली आणि 'तुमच्या यंत्रावर विंडोज ११ चालणार नाही, नवे घ्या,' असे एका दुकानदाराने सांगितले होते. मुलाने चौकशी केली. विंडोज ११ ला टीपीएम नावाची सुरक्षेची सोय लागते. ती आमच्या यंत्रात मुळातच होती. पुष्कळ गेमिंग संगणकांत असते तशी नुसती बंद ठेवलेली होती. ती चालू केली आणि काम झाले. एक पैसा लागला नाही.

दुसरी अडचण विजेची. पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. एका रात्री त्याचा अर्धा प्रकल्प असाच गेला होता आणि मुलगा रडकुंडीस आला होता. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, हा त्याचा मोठाच गुण. परंतु काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरती मिनिटे यूपीएसही देतो, आणि तो नव्या लॅपटॉपहून पुष्कळ स्वस्त पडतो.

येथे मी माझे गणित पुढे केले. खेळ चालू असता आपले यंत्र ३०० वॅटच्या आसपास वीज घेते. तीन तासांत ०.९ युनिट. लॅपटॉपचे ३० वॅट धरले तर तेवढ्याच वेळात ०.०९ युनिट. दहापट! मुलगा हसून म्हणाला, "अब्बा, एका यंत्राचे खेळणे तुम्ही दुसऱ्याच्या लिहिण्याशी तोलता. नुसते लिहिताना हेही पुष्कळ कमी वीज घेते." गणिताच्या शिक्षकास हे ऐकून घ्यावे लागले!

मग मी त्याला विचारले, "तुला लॅपटॉप कसला हवा?" तो खाली पाहू लागला. त्याला गेमिंगचाच लॅपटॉप हवा होता. त्याचा विचार केला तो असा: वजन अडीच किलोच्या घरात, चार्जर वेगळा; खेळ लावला की बॅटरी झपाट्याने उतरते; आणि ग्राफिक्स चिपचे नाव तेच असले तरी लॅपटॉपमध्ये तिला कमी वीज मिळते, म्हणून तिचे बळही कमी. घरच्या संगणकाची पेटी उघडून एखादा भाग बदलता येतो. पुष्कळ हलक्या लॅपटॉपांत तर रॅमसुद्धा पटलाला डाक देऊन कायमची जोडलेली असते.

राहता राहिली नेण्याआणण्याची अडचण. तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा आहे. न्यावयाचे असते ते केलेले काम, आणि ते पेनड्राइव्हवर मावते. उजवी बाजू जवळजवळ कोरी राहिली.

शेवटची ओळ मी लिहिली: 'खेळ.' पण ती अडचण यंत्राची नव्हती, आमची होती. संगणक बंद खोलीतून दिवाणखान्यात आणला आणि खेळाची वेळ दोघांनी मिळून ठरविली. ती पाळताना तो कधी चुकतो, कधी मीच तपासावयास विसरतो; परंतु आता आम्ही बोलतो. यूपीएस पगारातून घेतला. अर्ज फाडून टाकला.

याचा अर्थ लॅपटॉप म्हणजे चैन, असा कोणी घेऊ नये. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहून शिकणारी मुलगी घरच्या संगणकाचे काय करणार? ज्या घरात दोन भावंडांत मिळून एक फोन आहे, तेथे साधा लॅपटॉपही भाग्य उजळील. मी सही केली असती, तर कदाचित अशाच एखाद्या घरचे साहाय्य माझ्या घरी आले असते. तो विचार मला अजून टोचतो.

म्हणून विश्वस्त मंडळींस एक नम्र सूचना. यंत्रासाठी येणाऱ्या अर्जात एक प्रश्न घालावा: 'या यंत्रावाचून कोणते काम अडले आहे?' आणि पालकांनी तो प्रश्न अर्ज घेण्याआधी मुलाला शेजारी बसवून स्वतःस विचारावा. ज्याचे काम खरोखर अडले आहे, त्याच्यापर्यंत आपल्या संस्थेचा हात त्यामुळे लवकर पोहोचेल.

संस्थेस दीर्घायुष्य लाभो, एवढी प्रार्थना करून आपली रजा घेतो.