वठलेला वृक्ष आणि साखळी-करवत



जुन्या वाड्याच्या परसांत, बंगल्याच्या आवारांत किंवा गांवाकडच्या शेताच्या बांधावर चिंचेचें अथवा बाभळीचें एखादें मोठें झाड उभ्याउभ्याच वठतें. दोन पावसाळे जातात, पालवी फुटत नाहीं, साल सुटूं लागते. आणि मग घरांतील मंडळींना काळजी पडते कीं, हें आपण होऊन कोसळण्यापूर्वीं उतरवावें कसें? अशा वेळीं मजुरी किती, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो; करवत कोणती आणणार, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आज मला या दुसऱ्या प्रश्नाविषयीं बोलावयाचें आहे. कारण त्याच्या उत्तरावर केवळ वेळ व पैसा नव्हे, तर करवत चालविणाऱ्या माणसाचा जीवहि अवलंबून असतो.

प्रथम लाकडाचा विचार करूं. वाळलेलें लाकूड ओल्यापेक्षां कापावयास सोपें, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिति उलट आहे. जिवंत लाकडाच्या तंतूंत पाणी मुरलेलें असल्यामुळें ते मऊ राहतात. या पाण्याचें प्रमाण लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारें शेंकडा ३० च्या खालीं उतरलें म्हणजे तंतु आवळूं लागतात आणि लाकूड अधिकाधिक कठीण होत जातें. चिंच व बाभूळ तर जातीचींच कठीण. खाटकाचा ठोकळा चिंचेचा असतो आणि बैलगाडीचीं चाकें बाभळीचीं होत, तीं याच गुणामुळें. त्यांत वाळवीची भर पडते. वाळवी नुसतें लाकूड खात नाहीं; ती सालीखालीं व पोकळींत माती नेऊन लिंपते, आणि मातीचा कण हा धारेचा पहिला शत्रु होय. रस्त्यालगतच्या बुंध्यांत वर्षानुवर्षें रुतून बसलेले खिळे व तारा या निराळ्याच.

आतां यंत्राकडे वळूं. यंत्र निवडावयाचें तें बुंध्याच्या जाडीवरून. जेथें कापावयाचें तेथें दोरी गुंडाळून घेर मोजावा व त्याला ३.१४ नें भागावें. घेर ६ फूट, म्हणजे ७२ इंच असेल, तर व्यास सुमारें २३ इंच येतो. साखळी ज्या पोलादी पट्टीवरून फिरते ती पट्टी व्यासाएवढी लांब हवीच असें नाहीं. दोहों बाजूंनीं कापतां येत असल्यानें अशा बुंध्यास २० इंचांची पट्टी पुरते. परंतु कठीण लाकडांत एवढी पट्टी चालवावयास इंजिन ६० ते ७० घन सेंटीमीटरांचें असावें. लहान इंजिनावर लांब पट्टी चढविलेलीं स्वस्त यंत्रें दुकानांत पुष्कळ दिसतात. वाळलेल्या चिंचेंत तीं अडखळतात. मग कारागीर अंगाचा भार टाकून करवत रेटतो, यंत्र तापतें आणि अपघाताला निमंत्रण मिळतें.

तथापि यंत्रापेक्षांहि साखळी अधिक महत्त्वाची. आजच्या साखळीच्या दांताचें मूळ मोठें मौजेचें आहे. अमेरिकेंतील ऑरेगन प्रांतांत जोसेफ कॉक्स नांवाच्या लाकूडतोड्यानें १९४६ सालीं लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. ती आपल्या दोन जबड्यांनीं डावीउजवीकडे, तंतूंच्या आडवी व उभी, सारख्याच सहजतेनें वाट काढीत होती. तें पाहून त्यानें आळीपाळीनें डाव्या व उजव्या बाजूस वळलेल्या दांतांची साखळी बनविली. आजच्या बहुतेक साखळ्या याच धर्तीच्या आहेत.

साखळी घेतांना तीन मापें जुळलींच पाहिजेत: दुकानदार ज्याला पिच म्हणतात तें कड्यांमधील अंतर, पट्टीच्या खांचेंत बसणाऱ्या कड्यांची जाडी म्हणजे गेज, आणि त्या कड्यांची एकूण संख्या. हीं मापें बहुधा पट्टीवर कोरलेलीं असतात. यांवरून साखळी यंत्राला बसेल कीं नाहीं हें कळतें. ती झाडाला योग्य कीं नाहीं हें दांताच्या आकारावरून ठरतें. चौकोनी कोपऱ्याचा दांत, म्हणजे फुल चिझल, ओल्या व स्वच्छ लाकडांत फार वेगानें धांवतो. पण माती लागतांच त्याचा तो नाजूक कोपरा बोथट होतो. गोलसर कोपऱ्याचा दांत, म्हणजे सेमी चिझल, थोडा सावकाश कापतो. मात्र वाळलेल्या, मळक्या, कठीण लाकडांत त्याची धार पुष्कळ अधिक टिकते. वठलेल्या वृक्षासाठीं हाच घ्यावा. कार्बाइडच्या टोकांची साखळी त्याहूनहि टिकाऊ असते. परंतु ती महाग असून तिला साध्या कानशीनें धार लागत नाहीं, हिऱ्याचें चाक लागतें.

प्रत्येक दांतापुढें एक बुटका उंचवटा असतो. दांतानें एका वेळीं किती खोल जावें हें तो ठरवितो. तो दांताच्या टोकापेक्षां सामान्यतः इंचाचा चाळिसावा भाग खालीं असतो. काम लौकर व्हावें म्हणून कांहीं कारागीर तो अधिक घासतात. कठीण लाकडांत असा दांत अडकतो व करवत हिसका देते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास टेंकला तरीहि करवत क्षणार्धांत चालविणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. म्हणून साखळी रोखणारा ब्रेक चालू स्थितींत आहे, हें आधीं पाहून घ्यावें. करवतीखालून कपच्या न पडतां नुसतें पीठ पडूं लागलें, तर धार गेली असें समजून थांबावें व कानस काढावी. ३/८ इंच पिचच्या साखळीस बहुधा ७/३२ इंच जाडीची गोल कानस लागते.

शेवटीं झाड पाडण्याविषयीं. ओलें झाड पाडतांना बुंध्यांत न कापतां ठेवलेली पट्टी बिजागरीसारखी वांकते व झाडाला दिशा देते. वठलेल्या झाडांत ती एकाएकीं तुटते. शिवाय हादऱ्यानें वरच्या सुक्या फांद्या खालीं येतात. यास्तव उत्तम करवत असली तरी असें झाड अनुभवी माणसाच्याच हातीं द्यावें, आणि शक्य तेथें शेंड्याकडून तुकड्यातुकड्यांनीं उतरवावें. आपल्या राज्यांतील शहरांत झाड वठलेलें असलें तरी १९७५ च्या कायद्याप्रमाणें परवानगी घ्यावी लागते, हेंहि विसरूं नये.

आपणांपैकीं बहुतेकजण करवत स्वतः हातीं धरणार नाहींत. पण काम सोंपवितांना इंजिन केवढें, दांत कोणता, कानस बरोबर आहे काय, शिरस्त्राण व साखळीपासून पायांचें रक्षण करणारी विजार आहे काय, इतकें तरी अवश्य विचारावें. ज्याचीं उत्तरें समाधानकारक असतील त्यास चार रुपये अधिक द्यावे लागले तरी द्यावेत. आपल्या अंगणांत कामाला आलेला माणूस संध्याकाळीं धडधाकट घरीं परतावा, ही जबाबदारी आपलीहि आहे.