मुलाची मुद्रा आणि मुलाचे मन



मुलाला फळ्यापाशी उभे करून सतराचा पाढा विचारला आणि त्याने ओठ मिटून मान खाली घातली, म्हणजे गुरुजी सहसा एकच अर्थ लावतात : पाठ केलेला नाही. रागावल्यावर मूल कसनुसे हसले, तर 'उद्धट' हा शेरा ठरलेलाच. पुष्कळदा ते हसू भीतीचेच असते.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. जागीच खिळणे, आवाज फुटेनासा होणे, कंप, घाम, चेहऱ्याचा रंग उतरणे हे त्यांपैकीच होत. ग्रंथ नटांकरिता लिहिला खरा. परंतु शाळातपासणीच्या दिवशी हे पाचही भाव एकाच बाकावर पाहावयास मिळतात! शरीरशास्त्र त्याचे कारण सांगते. भीती वाटताच अ‍ॅड्रिनलिन रक्तात मिसळते, नाडी जलद होते, तोंडाला कोरड पडते. आणि काल बिनचूक म्हटलेला पाढाही आठवेनासा होतो. पाढा मुलापाशी असतो, त्या क्षणी तो हाती लागत नाही, इतकेच.

मुद्रेवरून मन ओळखता येते काय, हा वाद जुना आहे. चार्ल्स डार्विनने १८७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बहुतेक मुख्य मुद्रा उपजत व सर्वत्र सारख्या असल्याचे प्रतिपादन केले. पुढे पॉल एकमनने न्यू गिनीतील फोरे लोकांना छायाचित्रे दाखविली. त्यांनी आनंद, राग, दुःख ओळखले. मात्र भीती आणि आश्चर्य यांत त्यांची गल्लत झाली. २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आदी पाच संशोधकांनी उपलब्ध पुरावा तपासून दाखविले, की एकाच भावनेच्या मुद्रा अनेक असतात आणि एकाच मुद्रेमागे भावनाही निरनिराळ्या असू शकतात. प्रसंग पाहिल्याशिवाय नुसत्या चेहऱ्यावर विसंबता येत नाही.

खेड्यातील मुलाच्या बाबतीत हे विशेष ध्यानी घ्यावे. वडीलधाऱ्यांपुढे नजर वर करू नये, असे घरी शिकविलेले असते. शाळेत तीच खाली गेलेली नजर अपराधाची खूण ठरते आणि मूल विनाकारण बोलणी खाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळही निषिद्ध ठरविला आहे, तो उगाच नव्हे.

अशा मुलाला जागेवर बसू द्यावे, पाढा पाटीवर लिहावयास सांगावा, आणि सर्वांदेखत न वाचता पाटी जवळ जाऊन पाहावी. पाटीवरही पाढा नसेल, तर तो शिकवावयाचा राहिला आहे.