चालकाची झोप, समाजाची जबाबदारी

(बुलढाणा येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



सार्वजनिक आरोग्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शुद्ध पाणी, लसीकरण आणि रुग्णालये येतात. झोप हा मात्र ज्याचा त्याचा खासगी विषय, असे आपण गृहीत धरून चालतो. बुलढाणा जिल्ह्याने जुलै २०२३ मध्ये जे पाहिले, त्यानंतर तरी ही समजूत तपासून घ्यायला हवी.

१ जुलैच्या मध्यरात्रीनंतर, सुमारे दीड वाजता, नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून मृत्युमुखी पडले. त्याच महिन्यात, २९ तारखेच्या पहाटे, मलकापूरजवळ दोन खासगी बस एकमेकींवर आदळल्या. सहा जण दगावले. त्यातील एका बसमध्ये अमरनाथहून परतणारे यात्रेकरू होते. अपघाताला अनेक कारणे असतात आणि त्यांचा निवाडा करण्याचे हे व्यासपीठ नव्हे. मात्र दोन्ही दुर्घटनांची वेळ आपल्याला अंतर्मुख करणारी आहे.

मध्यरात्र ते पहाट हा काळ शरीराच्या घड्याळाने झोपेसाठीच राखून ठेवला आहे. त्या वेळी मन कितीही खंबीर असले तरी मेंदू काही क्षण मिटतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन तीन सेकंदांच्या डुलकीत ८० मीटरहून अधिक अंतर कापते, तेही जणू चालकाविना! सलग १७ तास जागा राहिलेला माणूस ज्या मंदपणे प्रतिसाद देतो, तो मंदपणा रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसासारखा असतो, असे संशोधकांना आढळले आहे. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. मद्यपी चालकाला आपण गुन्हेगार मानतो. जागरण केलेल्याला मात्र ‘कष्टाळू’ म्हणून शाबासकी देतो. ही विसंगती नव्हे काय?

आपल्या पूर्वजांची दृष्टी याहून स्वच्छ होती. चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रेला शरीराचा आधारस्तंभ मानले. आधुनिक भारतानेही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात सामान्यतः दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. उणीव विचाराची नव्हती, आचरणाची होती.

आपल्या जिल्ह्यात हे जागरण केवळ महामार्गावर नाही. रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देणारा शेतकरी सकाळी दुचाकीवरून बाजाराला निघतो. म्हणूनच शेतीला दिवसा वीज मिळणे हा सोयीचाच नव्हे, तर आरोग्याचाही प्रश्न आहे. मुक्कामी एस.टी.चे चालक-वाहक डासांत, गाडीतच अंग टाकतात आणि पहाटे आपल्याच मुलांना घेऊन निघतात. ग्रामपंचायतीने त्यांना एक स्वच्छ खोली, पंखा आणि मच्छरदाणी दिली, तर त्यासाठी किती खर्च येणार आहे?

कुटुंबांनीही काही नियम पाळावेत. लग्नकार्य किंवा देवदर्शन आटोपून रात्रीच परतण्याचा आग्रह धरू नये. गाडी भाड्याने ठरवताना दराइतक्याच आवर्जून विचारावे, ‘चालक काल रात्री झोपला आहे ना?’ लांबच्या रात्रप्रवासात दुसरा चालक मागावा. डोळे जड झाले तर खिडकी उघडून वा गाणी लावून झोप जात नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून १५-२० मिनिटे झोपणे हाच उपाय. बैठक संपवून रात्री-अपरात्री गावी निघणाऱ्या कार्यकर्त्यालाही यजमानाने अंथरूण घालून थांबवून घ्यावे.

प्रौढ माणसाला दररोज किमान सात तास झोप लागते. ती घेणे म्हणजे आळस नव्हे. ज्याच्या हाती इतरांचे प्राण आहेत, त्याच्यासाठी ते कर्तव्य आहे. आणि ती झोप त्याला मिळू देणे, हे आपणा सर्वांचे.