ईमेल घरात उतरवून ठेवू या

मैत्रिणींनो, आमच्या बचत गटाला बँकेची पत्रं, मालाच्या ऑर्डरी, सगळं ईमेलवरच येतं. पण ते राहतं कंपनीच्या सर्व्हरवर. जीमेलचं खातं 2 वर्षं वापरलंच नाही, तर गूगल ते काढून टाकू शकतं. म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर आम्ही थंडरबर्ड हा मोफत प्रोग्रॅम टाकून घेतला. त्यात पत्रं दिसली की काम झालं असं वाटतं. पण आयमॅप पद्धतीत तो नुसता आरसा असतो. सर्व्हरवरून पत्र पुसलं की इथूनही जातं. म्हणून पत्रं निवडून ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करायची. मूव्ह नाही बरं का, त्यानं सर्व्हरवरची प्रत जाते! मग इंटरनेट बंद करून दोन-चार जुनी पत्रं, जोडलेल्या कागदांसकट, उघडून पाहायची. आम्ही हे महिन्याच्या हिशेबाच्या दिवशीच उरकतो.