कुकरची वाफ आणि आपली नजर

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



मंडळाने आज मला चार शब्द बोलावयास सांगितले आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार करणारी बाई. मोठ्या विषयांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण जे भांडे वीस-बावीस वर्षे रोज हाताळते, त्याविषयी थोडे सांगता येईल. ते भांडे म्हणजे आपला कुकर.

आपण परळीकर. वाफेची ताकद आपल्याला निराळी सांगावयास नको. १९७१ साली येथे थर्मलचा पहिला संच सुरू झाला आणि बॉयलर हा शब्द आपल्या घरोघरी रुळला. पाणी तापवायचे, वाफ कोंडायची आणि तिच्याकडून काम करून घ्यायचे, हेच तेथे आणि हेच आपल्या ओट्यावर. फरक एवढाच की, तेथल्या बॉयलरला दाब दाखविणारे काटे असतात आणि कायद्याने त्याची तपासणी होते. आपल्या कुकरला काटा नाही, आणि तो तपासावयास कोणी येतही नाही. त्याची तपासनीस आपणच.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत एकीचा कुकर उडाला. डाळ छताला लागली, शेगडी वाकली. दैव बरे, म्हणून ती त्या वेळी दळण आणावयास गेली होती. घरच्यांनी मात्र तिलाच बोल लावला, की बायकांना यंत्रातले काय कळते! दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी ते झाकण उजेडात धरून पाहिले. शिट्टीच्या नळीत तुरीची साले घट्ट बसलेली. आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी कोणा कारागिराने पितळेचा कठीण तुकडा ठोकून दिलेला. वाफेच्या दोन्ही वाटा बंद! मग ती झाकण उडवील नाही तर काय करील? तेव्हापासून ती बाई कुकर लावावयास भीत होती. ही भीती जावी, पण सावधपणा राहावा, म्हणून आजचे हे बोलणे.

आधी वाफेची रीत समजून घेऊ. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही. कुकरात वाफ कोंडली की ते १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून डाळ लवकर शिजते. शिट्टी म्हणजे नळीच्या तोंडावर ठेवलेले वजन. आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने वाढला, की वाफ ते वजन उचलते आणि जास्तीची वाफ निघून जाते. म्हणून शिट्टीवर पळी किंवा वाटी कधीही ठेवू नये. पहिली शिट्टी झाली की आच मंद करावी. मोठ्या आचेने आतली उष्णता वाढत नाही, नुसता गॅस जातो.

आता एकेक बिघाड पाहू.

शिट्टी होत नाही आणि वाफ कडेने फुसफुसते, तर दोष बहुधा रबराच्या रिंगेत. आधी रिंग काढून धुवावी, झाकणाची खाच पुसावी. भाताचे एक शीतही वाफेला वाट देते. रिंग कडक झाली, चिरली किंवा सैल पडली असेल तर नवी घ्यावी, तीही आपल्याच कंपनीची आणि आपल्याच मापाची. कडेला कणीक थापून दिवस ढकलू नयेत.

कडेने वाफ नाही आणि शिट्टीही नाही, तर तेथेच सावध व्हावे. एक तर पाणी कमी, नाही तर नळी तुंबलेली. गॅस बंद करावा, कुकर पुरता निवू द्यावा, मगच उघडावा. पाण्याचे महत्त्व आपल्याला ठाऊकच आहे. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून एवढे मोठे थर्मल बंद ठेवावे लागले. पाण्यावाचून वाफ नाही. कुकर कोरडा तापला की व्हॉल्व्हमधला मऊ धातू वितळतो आणि वाफेला वाट करून देतो. तो बिघाड नव्हे, आपले रक्षण आहे. नवा व्हॉल्व्ह त्याच जातीचा बसवावा, आणि पहिला का गेला ते शोधावे.

शिट्टीतून डाळीचे पाणी उडते, तर कुकर जास्त भरला आहे. एरवी दोन तृतीयांश, पण डाळ-तांदूळ थेट कुकरात शिजवायचे असतील तर निम्माच भरावा. डाळीला फेस येतो, आणि तोच नळीत जाऊन बसतो. रोज झाकण लावण्याआधी नळीतून उजेड दिसतो का पाहावे. दिसला नाही तर तारेने साफ करावी. एका मिनिटाचे काम आहे.

झाकण उघडत नाही, तर जोर करू नये. गरम असेल तर आत दाब आहे, थांबावे. पुरते गार झाल्यावरही अडले, तर आतली वाफ विरून हवा उणी झाली आहे. शिट्टी उचलावी, हवा आत शिरते आणि झाकण सुटते.

नवा कुकर घेताना आय.एस.आय.चे चिन्ह पाहावे. १ फेब्रुवारी २०२१ पासून ते कायद्याने सक्तीचे आहे. लग्नात आलेल्या भेटीच्या कुकरावरही ते पाहून घ्यावे.

ज्यांच्याकडे विजेचा गीझर आहे, त्यांनाही हेच लागू. जुन्या तांब्याच्या बंबाचे तोंड मोकळे असे, तेथे वाफ कोंडत नसे. गीझर बंद असतो, आणि तापलेले पाणी फुगते. म्हणून पाणी तापताना त्याच्या व्हॉल्व्हमधून चार थेंब पडले, तर तेथे बूच मारू नये. सारखी धार लागली तर मात्र जाणत्या माणसास बोलवावे.

भगिनींनो, वाफ कोणाची शत्रू नाही. तिची वाट मोकळी ठेवली की ती निमूट राबते. नळी, रिंग आणि व्हॉल्व्ह, या तीन जागा आपल्या मुलींना आणि सुनांना दाखवा. मुलांनाही दाखवा, तेही आता कुकर लावतात.

आमची ती शेजारीण आज येथे बसली आहे. तिने नवा कुकर घेतला असून तो ती स्वतःच तपासून लावते.