नासाकोटरांतील छाया



वैद्यकावरील ग्रंथ मराठीत आणताना अनुवादकाला सर्वाधिक जपावे लागते ते रोगाच्या नावाला. कारण सामान्य माणूस रोग ओळखू पाहतो तो नावावरूनच. आज हजरतगंजात आपणांसमोर बोलताना अशाच एका नावाचा विचार मांडावयाचा आहे.

नाकालगतच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांना सायनस किंवा नासाकोटरे म्हणतात. गालाच्या हाडातील कोटराच्या क्ष-किरण चित्रात कित्येकदा गोलसर छाया दिसते. ती बहुधा आतील अस्तरात द्रव साठून झालेली पुटी असते आणि निरोगी माणसाला तिच्यापासून सहसा अपाय होत नाही. परंतु अनियंत्रित मधुमेह, रक्ताचा कर्करोग, अवयवारोपणानंतरची औषधे अथवा स्टेरॉइडे यांमुळे ज्याची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे, त्याच्या बाबतीत अशी निश्चिंती धोक्याची ठरते. त्या छायेआड बुरशी वाढत असण्याचा संभव असतो.

२०२१ च्या उन्हाळ्यात याचा दारुण प्रत्यय आला. करोनातून उठलेले अनेक रुग्ण म्यूकरमायकोसिसने ग्रासले गेले. येथील किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात आणि महाराष्ट्रातील रुग्णालयांतही ते दाखल झाले. मे महिन्यात केंद्र शासनाने १८९७ च्या साथरोग कायद्याखाली या रोगाची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले. त्याच सुमारास ‘काळी बुरशी’ हे नाव घरोघरी पोहोचले.

वस्तुतः शरीरात शिरणारे या बुरशीचे तंतू काळे नसतात. तिचे बीजाणू मातीत व कुजक्या पाल्यात असतात. रक्तातील साखर वाढली व पांढऱ्या पेशी दुबळ्या झाल्या, की ती रक्तवाहिन्यांत घुसते. रक्त गोठते आणि रक्तावाचून मेलेला भाग काळा पडतो. म्हणजे काळेपणा ही रोगाची उशिराची खूण होय. नावावर विसंबून जो काळ्या डागाची वाट पाहील, तो डोळा, प्रसंगी प्राणही गमावून बसेल. गालाचा बधिरपणा, चेहऱ्याच्या एका बाजूची वेदना, डोळ्याची सूज, एकाचे दोन दिसणे, हलणारे दात या खुणांवरच वैद्य गाठला पाहिजे. साखरेवर नियंत्रण, मृत भाग काढणारी शस्त्रक्रिया आणि अँफोटेरिसिन हे औषध यांचा उपयोग वेळेवर अवलंबून असतो.

म्हणून ‘म्यूकर बुरशीचा रोग’ असेच लिहावे, असे मला वाटते. नाव थोडे रुक्ष होईल. पण ते वाचकाला चुकीच्या खुणेची वाट पाहावयास लावणार नाही.